अर्ध्या मात्रेची भेंडी

डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूकडून हरण्यात कमीपणा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत शहाऐंशी सालच्या श्रावणात तयार झालं. त्याआधी हरलो की मला कमीपणा वाटत असे, आणि विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, अजूनही वाटतो. तिचं म्हणणं असं, की शत्रू दिसत नव्हता हे ठीक, पण आपण काय करतोय ते तरी दिसायला हवं होतं.

प्रकरण भेंडीचं. रत्नागिरीत एखाद्या अव्वल कारकुनाने परसात भेंडी लावली, तर ती काही गॅझेटात छापण्याजोगी बातमी नव्हे. पण माझी भेंडी साधी नव्हती, ऋषींची होती. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही, भाजी चालत नाही. आपोआप उगवणारं देवभात आणि माणसाने हाताने खणून लावलेली भाजी, एवढंच. माझ्या सासूबाई आनंदीबाई हे व्रत फार कडक करत. सात वर्षं करायचं आणि सातव्या वर्षी उद्यापन, असा त्यांचा संकल्प होता. पहिली दोन वर्षं चिपळुणात त्यांच्या स्वतःच्या परसातल्या भाजीवर पार पडली. मग एका पुरात वाशिष्ठी ते परस धुऊन घेऊन गेली, आणि पंचमीला आनंदीबाई आमच्याकडे यायला लागल्या.

आता ऋषीची भाजी बाजारात मिळत नाही असं नाही. आदल्या दिवशी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. पण आनंदीबाईंचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. "विकणारी म्हणणारच, बैल लागला नाही म्हणून. बघायला कोण गेलंय?" हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माझ्या परसाची मात्र त्यांनी जातीने पाहणी केली होती. फाटक अडीच फुटी, त्यातून बैल आत येणं शक्यच नाही. शिवाय आमचं परस म्हणजे निव्वळ कातळ. ब्याऐंशी सालच्या मेमध्ये भागोजीच्या मळ्यातून चार गाड्या माती आणवून मी फाटकाबाहेर ओतून घेतली, घमेल्याने आत नेली आणि कातळावर वीतभर जाडीचा वाफा केला. त्या वाफ्यात कुदळ मारतो तो मी. खत घालतो तो मी. "तिथे बैलाचं काम काय, तुम्ही आहात ना," असं विमल म्हणते. तिच्या माहेरची माणसं ह्यावर हसतात.

पहिल्याच वर्षी भेंडी पिवळी पडायला लागली होती. तेव्हा शेजारच्या आप्पांनी इलाज सांगितला. आप्पा बंदरावर नोकरीला होते, निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्याच विषयांतलं कळायला लागलं आहे. "मुळात कीड आहे, सदानंदा," ते म्हणाले. "दाणेदार औषध मिळतं. मातीत मिसळ, शिंची साफ होईल." मी डबा आणला. त्यावर कवटीचं चित्र होतं. ते पाहून विमलने डोक्याला हात लावला.

"अहो, ऋषींच्या भाजीत विष?"

"ते मातीत घालायचं आहे, भाजीत नाही."

"आणि भाजी कुठे उगवते? आकाशात?"

सत्तावीस वर्षं मी सरकारी नोकरीत आहे. दोन पक्षांचं म्हणणं टोकाचं असलं की मध्यम मार्ग कसा काढायचा हे मला कोणी शिकवायला नको. डब्यावर जेवढी मात्रा लिहिली होती, तिच्या बरोबर निम्मी घालायची, असा मी निर्णय दिला. किडीच्या दृष्टीने औषध घातलं, ऋषींच्या दृष्टीने फारसं घातलं नाही. विमलनेही ते चालवून घेतलं. दर जूनमध्ये पेरणीच्या वेळी तोच डबा माळ्यावरून काढायचा, तीच अर्धी मात्रा घालायची, आणि आनंदीबाईंना ह्यातलं काही सांगायचं नाही, असा रिवाजच पडून गेला. चार वर्षं भेंडी बऱ्यापैकी आली. दर वर्षी मागच्यापेक्षा थोडी कमी, पण आमच्या ऑफिसातही सगळ्याच गोष्टी दर वर्षी थोड्या कमी होतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शहाऐंशी साल उद्यापनाचं. आनंदीबाई एकाहत्तर वर्षांच्या. उद्यापनाला सात जणांना जेवायला घालायचं, म्हणजे भाजी भरपूर हवी. मी शब्द देऊन बसलो होतो. जूनपासून चिपळूणहून दर आठवड्याला कार्ड येत होतं. त्यात भेंडीची चौकशी पहिल्या ओळीत असे आणि माझी शेवटच्या. "एवढं तडीला गेलं की झालं. आता माझ्याने काही पुन्हा सात वर्षं व्हायची नाहीत," असं त्यांनी एका कार्डात लिहिलं होतं. ते वाचून विमलने कार्ड देवापुढे नेऊन ठेवलं. म्हणून मी उलट टपाली कळवलं, की भेंडी झकास आहे.

ते कार्ड पेटीत टाकून घरी आलो आणि पाहतो तो भेंडीने माना टाकलेल्या.

पाऊस धो धो पडत होता, म्हणजे पाणी कमी पडलं म्हणावं तर तसं नाही. एक रोप उपटलं. मुळांना ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठीच गाठी, मण्यांची माळ असावी तशा. दुसरं उपटलं, तेच. पडवळ आणि दोडकाही तसेच मरगळलेले. मी ती रोपं पडवीत मांडली. आळीत बातमी पसरायला तेवढं पुरलं.

आप्पा म्हणाले, जहाजाच्या तळाला शिंपले धरतात तसलाच हा प्रकार आहे, खरवडून काढावा लागेल. मुळं खरवडायची कशी हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या मालनताई म्हणाल्या, "मधे मधे झेंडू लावा हो. माझी आजी लावायची, तिच्या वांग्यांना असल्या गाठी कधी नाही आल्या." मी त्यांना समजावून सांगितलं, की ही शास्त्रीय बाब आहे आणि झेंडूचा संबंध दसऱ्याशी आहे. मालनताईंनी मान डोलावली आणि त्या हसत हसत घरी गेल्या. त्यांचं ते हसणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं.

सव्वीस जुलैला, शनिवारी, मी डब्यावरची पूर्ण मात्रा दिली. विमलने स्वतः डबा माळ्यावरून काढून दिला, आईचं व्रत तिलाही तडीला न्यायचं होतं. औषध घालून झाल्यावर हात साबणाने तीनदा धुतले आणि मग सवयीप्रमाणे डब्यावरचा मजकूर वाचला. वास्तविक मी कुठलाही कागद वाचल्याशिवाय पुढे पाठवत नाही. पण घरी माणूस जरा ढिला पडतो. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की औषध दिल्यापासून पंचेचाळीस दिवस भाजी खाऊ नये.

विमलने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं. दोघांचंही उत्तर नऊ सप्टेंबर आलं. ऋषिपंचमी आठला होती.

"एक दिवसाने काय होतंय," मी म्हणालो.

"तुम्ही खाल का मग आठ तारखेला?" विमल म्हणाली.

मी विषय बदलला. मनात म्हटलं, निदान कीड तरी मरेल. दोन आठवडे वाट पाहिली. मग एक रोप उपटून पाहिलं, तर गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या. औषध त्यांना मानवलं होतं असं दिसत होतं.

मग मात्र मी रीतसर जायचं ठरवलं. दोन रोपं वर्तमानपत्रात गुंडाळली, एक दिवसाची रजा टाकली आणि शेतीच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा. रोपांकडे न पाहता त्याने विचारलं, "सातबारा आणलाय?"

"परसातल्या भेंडीचा सातबारा?"

"जमीन शेतीची असेल तर ती कीड. जमीन शेतीची नसेल तर तिला कीड कसं म्हणणार?"

त्याचं बरोबर होतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणून राग जास्त आला. आमच्या प्लॉटचे कागद काढण्यासाठी मी माझ्याच ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, रजेच्या दिवशी, माझ्याच टेबलासमोर उभा राहिलो. कागद निघाले. एकोणऐंशी साली ती जागा बिनशेती झाली तेव्हाचा पाहणी अहवाल वर होता. "सदर जागा निव्वळ कातळाची असून तीवर कोणतेही पीक येत नाही व येणे शक्य नाही." खाली सही होती. सही माझी होती.

ती नक्कल घेऊन मी परत गेलो. त्या कारकुनाने ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्रातून बाहेर आलेल्या भेंडीकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही भेंडी नाही," तो म्हणाला. सरकारी माणसाला सरकारी माणूस असं कधी बोलत नाही, पण त्या दिवशी त्याची वेळ होती. अखेर त्याने दयाबुद्धीने "इतर" ह्या सदराखाली अर्ज घेतला. अर्जात क्षेत्र हेक्टरमध्ये मागितलं होतं, ते दशांशचिन्हानंतर तीन शून्यं देऊन भरलं. "ओढकामाची जनावरं (संख्या)" असाही एक रकाना होता. तिथे मी "निरंक" असं जरा ठसठशीत लिहिलं. ऋषींच्या व्रताला हा कागद पुढेमागे उपयोगी पडेल, असा माझा हिशेब होता.

आठ दिवसांनी, मी आशा सोडल्यावर, फाटकाशी एक किडकिडीत तरुण येऊन उभा राहिला. गळ्यात भिंग, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. नाव डॉक्टर आत्माराम सुर्वे, काम मुळातल्या किड्यांचं. माझी मुळं पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की मला आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटायला लागलं.

"सूत्रकृमी," तो म्हणाला. "साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात शिरतात, तिथेच बसून खातात, त्यांच्या गाठी होतात. औषध काय दिलंत?"

मी सगळं खरं सांगितलं. डबा दाखवला. चार वर्षं अर्धी मात्रा म्हटल्यावर त्याने वहीतून मान वर केली.

"अर्धी का?"

"ऋषींसाठी," मी म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं नाही.

"बेहेरे साहेब, तुमच्या लक्षात येतंय का तुम्ही काय केलंत? दर वर्षी अर्ध्या औषधाने लेचेपेचे मेले. जे दणकट होते ते जगले, त्यांना पोरं झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध, पुन्हा अर्धं. पाच पिढ्या, दहा पिढ्या, एका पावसाळ्यात किती होतात! आता तुमच्याकडे जे आहेत ते ह्या औषधाला जुमानत नसतील, असा मला दाट संशय आहे. मला तपासावं लागेल. त्यासाठी ह्याच कुळातले पण औषध न चाखलेले सूत्रकृमी हवेत. ही माती आली कुठून?"

"भागोजीच्या मळ्यातून. तो औषधाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही."

"वा! आणि आणली कशी?" त्याच्या कागदावर तसा रकाना होता.

"बैलगाडीतून. चार खेपा," मी म्हणालो.

पडवीत आप्पा बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. आतून विमल चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यावरच थांबली. आप्पा एक एक अक्षर मोजून म्हणाले, "बैल... गाडीतून?"

चार वर्षं, तीन महिने. एवढ्या काळात हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. फाटक अडीच फुटी, बैल आत आला नाही, ह्या आनंदात मी राहिलो. पण फाटकापर्यंतची सगळी माती बैलानेच ओढून आणली होती, आणि आनंदीबाईंनी त्या मातीतली भाजी चार पंचम्यांना निष्ठेने खाल्ली होती. सुर्वे आनंदाने लिहीत राहिला. तो बिचारा आम्हाला विचारत होता, की सगळे गप्प का झालात.

तो गेल्यावर बैठक झाली. विमल म्हणाली, "आईला सांगायचं नाही. ह्या वयात सातातली चार वर्षं वाया गेली म्हणून तिला कसं सांगायचं? उद्यापन होऊन जाऊ दे." आप्पांनी जानव्याला हात लावून मौनाची शपथ घेतली. पुढे जे झालं त्यात मी त्यांचा दोष मानत नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मला खरंच वाईट वाटत होतं. मी त्या बाईला शब्द दिला होता आणि तो चार वर्षांपूर्वीच मोडला गेला होता. सांगावं तर एक वाईट, न सांगावं तर दुसरं. मध्यम मार्ग मला दिसत नव्हता, आणि मध्यम मार्गानेच हे सगळं झालं होतं हेही आता डोक्यात शिरत होतं.

आनंदीबाई गणपतीच्या तीन दिवस आधी दुपारच्या एसटीने आल्या. हातात पिशवी, पिशवीत आघाड्याच्या काड्या आणि देवभाताची पुरचुंडी. पाय धुऊन थेट परसात गेल्या. भेंडीच्या माना पाहिल्या. "हे झकास का?" एवढंच म्हणाल्या. मी किडीची हकिगत सांगितली, औषधाचीही कबुली दिली. पंचेचाळीस दिवसही सांगितले, म्हणजे वाफ्यातलं ह्या वर्षी काही चालणार नाही हे ओघानेच आलं. विष म्हटल्यावर त्या रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "ऋषींनी विषाचं काही सांगितलेलं नाही. बैलाचं सांगितलंय."

पडवीतून आप्पा खोकले. शपथ घेतल्यापासून ते बैल हा शब्द कानावर पडला की खोकत असत.

हरतालिकेच्या सकाळी सुर्वे आला. बरोबर भागोजी, आपल्या मळ्याचं काय झालं ते ऐकायला. सुर्वेच्या हातात टाईप केलेला कागद होता आणि तो वाचून दाखवल्याशिवाय राहणं त्याला अशक्य होतं. पडवीत विमल होती, आप्पा होते, आणि खांबाला टेकून आनंदीबाई वाती वळत होत्या. मी त्याला खुणा करत होतो. त्याला वाटलं मी घाई करतोय, म्हणून तो भराभर वाचायला लागला.

"भागोजीच्या शेतातले कृमी औषधात टाकले. पूर्ण मात्रेत जवळजवळ सगळे मेले. श्रीयुत बेहेरे यांच्या परसातले त्याच मात्रेत टाकले. त्यांना गुंगी आली. स्वच्छ पाण्यात काढल्यावर बहुसंख्य पुन्हा चालू लागले."

"म्हंजे माजं मेलं नि ह्यांचं जगलं?" भागोजीने विचारलं. त्याला ते कुठेतरी लागलं असावं. "भाऊ, पन मूळ माती माजीच ना?"

"अगदी बरोबर," सुर्वे म्हणाला आणि पुढे वाचलं, "सदर माती भागोजी यांच्या शेतातून सन एकोणीसशे ब्याऐंशीमध्ये चार बैलगाड्यांतून आणलेली आहे."

आप्पांना खोकल्याची उबळ आली. आनंदीबाईंचे हात वातीवर थांबले.

"कसल्या गाड्यांतून?"

भागोजी बिचारा मदतीला धावला. "बैलगाडीतनं, आजी. माजीच बैलं होती. चांगली होती हो जोडी. येक मागल्या वर्साला गेला. दुसरा हाय, पन आता काय ओढीत नाय तो."

आनंदीबाईंनी वाती तबकात ठेवल्या आणि त्या उठून मागच्या दारी गेल्या. विमल माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "जा. तुम्हीच जा."

मागे विहिरीच्या पाटाशी, कातळाच्या भेगेत अळू माजलं होतं. त्याला कोणी कधी माती घातली नव्हती की खत, औषध तर दूरच. आनंदीबाई तिथे दगडावर बसल्या होत्या. मी पुढे होऊन म्हणालो, "आई, चुकलं माझं. चार वर्षं तुमचा व्रतभंग केला मी. कळल्यावरही पंधरा दिवस सांगितलं नाही."

"पाच," त्या म्हणाल्या. "हे धरून पाच. ह्या वर्षीचा संकल्पही त्याच मातीवर सोडला होता ना? म्हणजे चिपळुणातली दोनच वर्षं खरी."

"हो."

"म्हणजे अजून पाच करायला हवीत. मग उद्यापन. एक्याण्णव साल येईल." त्यांनी बोटांवर मोजलं. आणि मी पाहिलं तर त्या हसत होत्या. रडतायत की काय म्हणून मी वाकून पाहिलं. हसतच होत्या.

"आई, तुमची तब्येत..."

"तब्येतीला काय धाड भरली आहे? सदानंदराव, बाजारात भाजी मिळते हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? चिपळुणात माझ्या शेजारणीचं परस आहे. हाताने खणते ती, मी बघते रोज. पण मग मी इकडे कशी येणार? लेकीच्या घरी कारणाशिवाय राहायची आमच्यात पद्धत नाही. पावसाळा लागला की त्या नदीकडे बघत मी एकटी बसते तिकडे. रात्री पाणी कुठवर चढलं ते बघायला उठते. जून लागला की दिवस मोजायला लागते, पंचमीला किती राहिले. ह्या वर्षी मोजलेच नाहीत. म्हटलं, उद्यापन झालं की संपलं. पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने जायचं?"

"कारण कशाला हवं?" मी म्हणालो. "घर तुमचंच आहे."

"तुम्ही म्हणाल हो तसं. तुम्ही चांगलेच आहात. पण मला हवं ना कारण," त्या म्हणाल्या, आणि अळूची पानं खुडायला लागल्या.

पंचमीला देवभात आणि अळूचं फदफदं झालं. ज्या भाजीसाठी कोणीच कष्ट घेतले नव्हते, तिच्यात ऋषींनाही खोट काढता आली नसती. सात जणांचं जेवण लांबणीवर पडलं, पण आप्पा त्यांच्यातले असल्यामुळे ते आलेच. आनंदीबाईंनी पहिलं पान वाढून केळीच्या पानात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. भागोजीच्या म्हाताऱ्या बैलाला द्यायचं. "चार वर्षं त्याचे कष्ट खाल्ले मी," त्या म्हणाल्या, "त्याला नको?" मी, शासनाचा अव्वल कारकून, पितांबर नेसून भर पावसात दोन मैल चालत भागोजीच्या गोठ्यात गेलो. वाटेत आमच्या ऑफिसातले तिघे भेटले. तिघांनीही कुठे चाललात म्हणून विचारलं आणि तिघांनाही मी खरं सांगितलं. बैलाने भात खाल्ला, अळू खाल्लं, केळीचं पानही खाल्लं.

सुर्वेने आमच्या वाफ्याला तारेचं कुंपण घातलं. वरून मंजुरी आली, की पाच वर्षं ह्या कृमींवर निरीक्षण चालू राहील. त्यांच्या कुळाला कागदोपत्री "बेहेरे" असं नाव पडलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव कशाला पडलं असेल तर ते एवढंच. ऋषींसाठी नवा वाफा दुसऱ्या कोपऱ्यात करायचा ठरला. सुर्वेने सांगितलं, माती डोंगरउतारावरची घ्या, उन्हात चांगली तापवा, आणि मधे मधे झेंडू लावा. हे तो मालनताईंच्या देखत म्हणाला.

सत्त्याऐंशीच्या मेमध्ये ती माती आली. बैलगाडी नाही, म्हणजे डोंगरापासून घरापर्यंत घमेल्याने, डोक्यावरून. भागोजी एक घमेलं, मी एक घमेलं. आनंदीबाई पंचमीची वाट न पाहता मेमध्येच येऊन राहिल्या होत्या, देखरेखीला. "बघायला नको का कोणी? मागच्या खेपेला कोणी बघितलं नाही म्हणून तर झालं सगळं," असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं, आणि पडवीत पाट मांडून प्रत्येक घमेलं मोजत होत्या. विमल त्यांच्या मागे बसून त्यांच्या डोक्याला तेल लावत होती.

तेवढ्यात सुर्वे वर्षाचा नवा अर्ज घेऊन आला. मी घमेलं खाली ठेवलं, घाम पुसला आणि उभ्या उभ्याच रकाने भरायला घेतले. क्षेत्र भरलं. मग "ओढकामाची जनावरं (संख्या)" आलं.

"एक लिहा," विमल पडवीतून म्हणाली.

भागोजी हसला. सुर्वेही हसला. मी आनंदीबाईंकडे पाहून म्हणालो, "तसं लिहिलं तर आई, तुमची पाच वर्षं पुन्हा फुकट जातील."

"काही जात नाहीत," आनंदीबाई म्हणाल्या. "व्रतात बैलाचे कष्ट वर्ज्य आहेत. जावयाचे नाहीत."

मी "निरंक" लिहिलं आणि घमेलं उचललं.